झिऱ्याकाठची बाई

नल्लकुंटा, हैदराबाद
३ सप्टेंबर २०२५

ती. काका व काकूस,
सा. न. वि. वि.

तुमच्या नियमाप्रमाणे फोनवर फक्त तब्येत विचारली, बाकीचं आता कागदावर. चुका मोजू नका. मी हैदराबादेत वाढलेली, मराठी तुमच्या पत्रांवर शिकलेली.

नव्या नोकरीत मी करते तरी काय, असं तुम्ही विचारलंत. आमची कंपनी दर आठवड्याला सिनेमांची यादी काढते. कोणता चांगला, कोणता वाईट, हे आम्ही बघत नाही. कोणत्या सिनेमाबद्दल नेटवर किती माणसं बोलतायत तेवढं मोजायचं आणि तसे नंबर लावायचे. पहिल्या दिवशी ते आकडे हलताना बघून मी समोरचा चहा प्यायला विसरले. एका तासात नव्वद हजार माणसं, एकमेकांना जन्मात न भेटलेली, एका सिनेमाच्या शेवटावरून भांडत होती. आणि आमच्या खोलीत आवाज म्हणाल तर नुसता एसीचा!

पण त्यात खोटंही फार. काही सिनेमावाले भाडोत्री कौतुक लिहवून घेतात. त्या मजकुराची सुरुवातही सारखी आणि शेवटही सारखा. तो आपोआप बाजूला काढणारी कॉम्प्युटरची चाळणी मी बनवली. आमचे सारंग सर पुण्याचे, कौतुक करताना त्यांचा हात जरा आखडताच असतो, पण तेही छान म्हणाले. काकूने सांगितलेली पिठाची चाळणी बेगम बाजारातून घेतलीय, ती पार्सलने पाठवते.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
शिवानी

मु. पो. सावरखेडा, ता. बिलोली
११ सप्टेंबर २०२५

चि. शिवानी हीस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. हे सा. न. वि. वि. कुठून उचललंस? नेटवरच्या नमुन्यातून ना? त्यात वाईट काही नाही, पण आपल्या घरचं पत्र जयभीमने सुरू होतं. तुझ्या आजोबांनी लिहायला शिकून पहिलं पत्र धाडलं, तेव्हापासून. मी पस्तीस वर्षं पोस्टमन होतो. न वाचता येणाऱ्यांना त्यांची पत्रं वाचून दाखवायचो, पण तो एक शब्द कधी गाळला नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या आदर्शने नांदेडहून काकूच्या मोबाईलवर नेटवरचा एक तुकडा पाठवला. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या मांजरेच्या पात्रात 'झिऱ्याकाठी' नावाचा सिनेमा काढला होता. तो कुठे लागला, कधी उतरला, इथे कुणाला कळलं नाही. तुकडा दोन मिनिटांचा आहे. वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून एक बाई करवंटीने घागर भरते, दिसतात ते नुसते हात. काकू भाकरी थापत होती. पिठाच्या हातानेच तिने मोबाईल धरला आणि म्हणाली की ही माझी आई.

धुरपताबाई त्या शूटिंगच्या दुसऱ्याच वर्षी गेली. काकू तेव्हा बारा वर्षांची. आईचा एकही फोटो नाही. आईचा चेहरा आता आठवत नाही, असं ती मला इतक्या वर्षांच्या संसारात एकदाच बोलली आहे. शूटिंगच्या वेळी ती कॅमेऱ्याला खेटून उभी होती, झंपर उलटा घालून. घागर भरल्यावर आईने मान वर केली, लेकीचा अवतार बघितला आणि हसली. सिनेमावाले साहेब ओरडले, हसायचं ठरलं नव्हतं. ते हसू त्यांनी ठेवलं की कापून टाकलं, कोण जाणे. मोबाईलवरचा तुकडा आई मान वर करायच्या आधीच संपतो.

आपल्या भागातली माणसं त्यावर भरभरून लिहितायत. मीही आदर्शकडून लिहवून घेतलं. तुझ्या यादीत तो सिनेमा कितवा आहे, ते कळव. पूर्ण सिनेमा कुठे बघायला मिळेल तेही बघ. काकू विचारत नाही, पण उत्तराची वाट बघते.

आशीर्वाद आहेतच, हक्काने मागत जा.

तुझा,
दौलतकाका

नल्लकुंटा
१८ सप्टेंबर २०२५

ती. काका,

घाईत आहे म्हणून थेट लिहिते. तो तुकडा मी पंचवीसेक वेळा तरी बघितला. सिनेमाची एकच प्रत उरली आहे, पुण्याला एका सरकारी संग्रहात. ती जुनी झालीय, म्हणून एकट्यादुकट्याला दाखवत नाहीत. मात्र महिनाअखेरच्या यादीत जुन्या सिनेमांमध्ये जो पहिला येतो, त्याची प्रत आमची कंपनी मागवते आणि इथल्या एका थेटरात रविवारी सकाळी दाखवते. म्हणजे आपल्याला तेवढी एकच वाट आहे.

आणि काका, यादीत 'झिऱ्याकाठी' नाहीच. पहिल्या पाचशेतसुद्धा नाही. मी दोनदा बघितलं. माणसं मोजून दोनशे बारा निघाली. यादी खोटं बोलत नाही असं सारंग सर म्हणतात, आणि आजवर मीही छाती पुढे काढून तेच म्हणत आले. तीस तारखेला यादी बंद होईल. काकूला कसं सांगायचं ते मला सुचत नाही. परेशान नक्को होऊ म्हणावं, इथे सगळे असंच म्हणतात, पण परेशान मीच झालेय.

रागावू नका, एवढंच मागते.

शिवानी

सावरखेडा
२३ सप्टेंबर २०२५

चि. शिवानी हीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझ्यावर कसला राग? काकूला सांगितलं. ती म्हणाली, नाही तर नाही, आणि उठून कामाला लागली. थोड्या वेळाने बघतो तर तिने ट्रंकेतून पांढरी साडी काढून उन्हात टाकली होती. हैदराबादला जायचं झालं तर हीच नेसायची, असं तिने मनात धरलं होतं. तुझी चाळणी मिळाली. फार बारीक आहे, चांगलं पीठसुद्धा वर राहतं, म्हणून काकू वरचा कोंडा बोटांनी चाचपून मगच शेळीला टाकते.

फक्त दोनशे बारा, हे मात्र मला पटत नाही. आपल्या एका तालुक्यातच तेवढे असतील. मी काय लिहिलं होतं ते खाली उतरवून देतो. वाचून बघ.

सविनय जयभीम. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. लिहिण्यास कारण की, या बाईंच्या हातची भाकरी मला मिळाली नाही, पण त्यांच्या लेकीच्या हातची तीस वर्षं खातो आहे. बोटं तीच आहेत. कळावे, लोभ असावा. दौलत वाघमारे, मु. पो. सावरखेडा.

जाहीर लिहायचं म्हणजे पत्रासारखंच लिहायचं, आम्हाला दुसरं येतं कुठे? सगळ्यांनी असंच लिहिलंय.

तब्येतीला जप आणि डबा अर्धा परत आणू नकोस.

तुझा,
दौलतकाका

नल्लकुंटा
३० सप्टेंबर २०२५

ती. काका व काकूस,
सप्रेम जयभीम.

काका, चूक यादीची नव्हती, माझी होती. ते तुमचं पत्र वाचताना कळलं. सुरुवात जयभीम, शेवट लोभ असावा, खाली मु. पो. ऑफिसात धावत जाऊन मी चाळणीने बाजूला टाकलेला ढीग उघडला. एकेचाळीस हजार पत्रं होती, काका! सगळ्यांची सुरुवात सारखी आणि शेवट सारखा, म्हणून माझ्या चाळणीने ती सगळी भाडोत्री ठरवली होती. आपल्याच घरचा नमस्कार मला ओळखता आला नाही. मला फार लाज वाटली.

मग मी सुरुवात आणि शेवट सोडून मधलं वाचायला बसले. एकही पत्र दुसऱ्यासारखं नव्हतं. परभणीच्या एका नर्सने लिहिलंय की ही बाई करवंटी दर वेळी दोनदा आपटते, तळाची वाळू झटकायला, आणि हे तिने आजीनंतर आत्ताच पाहिलं. दुबईत वेल्डिंग करणाऱ्या एकाला त्या मनगटात त्याची बहीण दिसली. एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलंय की गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती, वाळूतला झिरा तेवढा आपला होता, आणि त्याची चव अजून जिभेवर आहे. मी थक्क झाले. आजवर मी माणसं मोजत होते, पण त्यांचं एक अक्षर वाचलं नव्हतं. दोन हातांकडे बघून एवढी माणसं आपापल्या घरी जाऊन आली.

सारंग सरांना आधी पटेना. चाळीस हजार माणसं एकाच शब्दाने सुरुवात कशी करतील, असं त्यांनी विचारलं. मी तुमच्या पत्रांची चवड त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एकेक पत्र वाचून काढलं. मग म्हणाले की आपण यांचा नमस्कारच गुन्हा धरला, आणि स्वतः बसून त्यांनी मोजणी नव्याने करवली.

'झिऱ्याकाठी' पहिला आलाय. खेळ १२ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी. आदल्या दिवशीच्या बसने या. काकूला म्हणावं, साडी घडी घालून ठेव. हसू ठेवलंय की कापलंय, हे मलाही माहीत नाही. मी आधी बघणार नाही, तिच्याबरोबरच बघेन.

चुकलेल्या पुतणीला पोटात घ्या.

तुमची,
शिवानी

सावरखेडा
१६ ऑक्टोबर २०२५

चि. शिवानी हीस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. थेटरात तू मागे बसली होतीस, आम्ही पुढे, म्हणून तुला न दिसलेलं लिहितो. घागर भरत आली तशी काकूने माझं मनगट धरलं. धुरपताबाईने मान वर केली. साहेब ओरडले होते खरे, पण कापलं नव्हतं त्यांनी. चाळीस वर्षांपूर्वी ती कॅमेऱ्याशेजारच्या पोरीकडे बघून हसली होती, म्हणून पडद्यावरून ती सरळ आमच्या रांगेकडे बघत होती. भिंतीएवढा चेहरा! शेजारी काकूचा हात आपसूक ब्लाउजच्या शिवणीकडे गेला. ती आज तरी सुलट आहे ना, हे ती चाचपत होती. मी साठी ओलांडली, पण असं काही पाहिलं नव्हतं.

 घरी आल्यावर काकू मोबाईल घेऊन बसली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं, एकेक शोधून तिने अर्धा तास लावला आणि त्या तुकड्याखाली स्वतः लिहिलं. तुझ्या चाळणीतून जाऊ दे. तिने लिहिलंय ते असं:

सविनय जयभीम. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. लिहिण्यास कारण की, ती मला हसली. कळावे, लोभ असावा. भागूबाई, धुरपताबाईची लेक, मु. पो. सावरखेडा.