गिरणी बंद झाली तेव्हा

१३ एप्रिल, शहापूर

शेजारची पिठाची गिरणी बंद झाली, दिव्याचा उजेड भक्कन वाढला आणि त्या क्षणी माझं सगळं संपलं. मी जोडलेल्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह, गिटारचा आवाज वाढवणारी ती काचेची नळी, लालभडक होऊन जळून गेला.

रोज संध्याकाळी व्होल्टेज कमी भरायचं, म्हणून मी चिडून ट्रान्सफॉर्मरची वायर दोनशे व्होल्टच्या टॅपवर नेली, कमी व्होल्टेजवरही पूर्ण जोर मिळावा म्हणून. अरे, एकदा तरी मीटर भिंतीच्या सॉकेटला लावायचा! गिरणीच लाइन ओढत होती; ती थांबली आणि व्होल्टेज एकदम वर गेलं. कॉलेज सोडून हेच शिकलो?

उद्या जयंतीच्या कार्यक्रमात सुजाता गाणार, गिटार माझी. दुपारी हसून म्हणाली, "तुझा डबा नाय बोलला ना, तर मुरबाडचा कीबोर्डवाला हाय रे."

तो लालभडक व्हॉल्व्ह डोळ्यांपुढून जात नाय. दुसरा इथे कुठे मिळणार? अ‍ॅम्प्लिफायरशिवाय नुसती गिटार वाजवीन, मागच्यांना ऐकू नाय आली तरी. सुजाताला आत्ताच तोंडावर सांगतो. हा निघालो.