तीनदा विचारीन

गास, २५ मार्च २०२५

चि. रॉबर्टास, अ. आ. आईने लावलेली सवय, म्हणून लिहिते.

फोन करू नकोस. अडचणीचं निघालं की तुझी रेंज जाते. कागदाची जात नाही.

वाडीची मोजणी पुन्हा होणार, ईस्टरनंतरच्या शुक्रवारी. मागे मोजणीवाल्याने तुला तीनदा विचारलं, बांध कुठे होता. ज्या वाडीत केळींना पाणी लावत वाढलास, तिथेच उभा राहून तीनदा म्हणालास, मला ठाऊक नाही. शेजाऱ्याने आपल्या केळींच्या दोन ओळी गिळल्या. त्या दिवशी मी तुला मेलेला धरलं. पण मेलेले उठतात असं दर रविवारी तोंडाने म्हणते, म्हणून हे पत्र.

प्रभूला तीनदा नाकारणारा पेत्र तरी कोंबडा आरवल्यावर रडला. तुमच्या इमारतीत कोंबडा नसेल.

तुझी बहीण इनास

चंदनसार, ३ एप्रिल

ति. बायस, शि. सा. न.

कोंबडा नाही, पण तुझं पत्र पुरलं. शेजाऱ्याने माझ्या सुनेला सातिवलीच्या कारखान्यात चिकटवलं होतं. घाबरलो. फादर म्हणाले, उठल्यावर प्रभू सूड घ्यायला, क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या दारी गेला नाही. तूही माफ कर. राग असू दे, त्यात चिमूटभर लोभ असावा.

रॉबर्ट

गास, ९ एप्रिल

चि. रॉबर्टास,

मी असते तर आधी पिलाताचंच दार वाजवलं असतं. पण फादरनी तुला पुढलं सांगितलं नाही वाटतं. प्रभूने तळ्याकाठी निखाऱ्यावर मासे भाजले, पेत्राला न्याहारी घातली आणि मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का. जितक्यांदा नाकारलं, तितक्यांदा. तिसऱ्यांदा पेत्राला लागलं. लागायलाच हवं. तुझे फादर याला माफी म्हणोत, मला यात सूडही दिसतो.

ईस्टरला जेवायला ये. सुके बोंबील भाजीन. शेजाऱ्यालाही बोलावलंय. तुझ्या समोरच बसवीन.

इनास

चंदनसार, १४ एप्रिल

ति. बायस, शि. सा. न.

येतो. सून म्हणाली, नोकरी गेली तर दुसरी बघू. तू तीनदा विचारायचे कष्ट घेऊ नकोस. बांध विहिरीपलीकडच्या माडाला लागून होता, हे त्याच्या तोंडावर पहिल्या फटक्यात सांगेन. मोजणीलाही तेच.

रॉबर्ट

गास, १७ एप्रिल

चि. रॉबर्टास,

पोस्टाला उशीर होईल, म्हणून नात जीनाच्या हाती देते.

तीनदाच विचारीन. पहिलं उत्तर तू तेव्हाही झटकन दिलं होतंस.

भूक ठेवून ये. आशीर्वाद तिसऱ्या उत्तरानंतर.

इनास