पिंजऱ्यांचा हक्क

प्रिय तिंदारो,

फ्रीमँटलच्या घरामागच्या अंगणात आपण दोघं शनिवारी शेवंडीचे पिंजरे दुरुस्त करायला बसायचो, आठवतं? तू फळ्या ठोकायचास, मी दोर ओवायचे. सोमवारी सिस्टर बेनिग्ना माझे हात हुंगायच्या आणि सगळ्या वर्गासमोर लिंबाची फोड पुढे करायच्या. मी रडत घरी आले की तू म्हणायचास, "रडतेस कशाला? शुक्रवारी त्यांच्या ताटात आपलाच मासा असतो."

मग पप्पांनी वाटणी केली. मुलाला बोट आणि मुलीला ऐंशी पिंजरे टाकायचा परवाना, म्हणजे नुसता कागद. त्या वर्षी बोटींना आशीर्वाद द्यायला मरियामातेची मिरवणूक धक्क्यावर आली, तेव्हा काका मोठ्यानं म्हणाले, "नुन्झियाला कागद मिळालाय, आता तळून खा म्हणावं!" सगळ्यात जास्त तूच हसलास. पुढे सरकारनं किती शेवंड धरायची ते ठरवलं आणि तो धरायचा हक्क पिंजऱ्यांच्या परवान्याला बांधून टाकला. काही वर्षांत तुझी बोट जुनं लाकूड झाली आणि माझा कागद अख्ख्या गल्लीपेक्षा महाग. पण तू एकदाही तोंड वाकडं केलं नाहीस. मीही तुझ्याकडून त्या कागदाचं कधी भाडं घेतलं नाही.

तुझे गुडघे गेल्यावर बोट तुझ्या जुन्या खलाशाकडे, जुआकिमकडे गेली. त्याच्याकडून मी परवान्याची फी आणि माझा किराणा सुटेल एवढंच घेते. हे तुझ्या रेनातोला खुपतं. "आत्या, तू काय धर्मशाळा उघडलीयेस? बाजारभाव घे, नाहीतर पर्थच्या कंपनीला विकून मोकळी हो." बाजारभाव म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. शंभर किलो शेवंड धरली की साठ किलोंचे पैसे कागदवाल्याचे. उरलेल्या चाळिसात डिझेल, आमिष, विमा आणि तीन खलाशांचे वाटे. म्हणून तर वारा पडायची वाट न बघता लोक बोटी बाहेर काढतात. मी रेनातोला विचारलं, "एवढ्याशा पैशात समुद्रावर जाणार कोण?" तर म्हणतो, "कोणीतरी जातंच गं."

हे 'कोणीतरी' मी चाळीस वर्षं पाहिलंय, तिंदारो. त्याचे ओले मोजे माझ्या दोरीवर वाळलेत. समुद्र कधी न बघितलेल्या माणसांच्या खिशात मी त्याची मेहनत घालणार नाही. लोक मला वेडी म्हणोत.

आणि म्हणायला लागलेच आहेत. गेल्या मंगळवारी रेनातो मला कॉफीला नेतो म्हणाला आणि एका डॉक्टरच्या दारात गाडी उभी केली. माझं डोकं ठिकाणावर नाही, असा दाखला त्याला हवा होता. डॉक्टरांनी वार विचारला, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी काढलं आणि खाली डिझेलचा आजचा भावही लिहून दिला. ते हसले, रेनातो हसला नाही. येत्या सोमवारी मी वकिलासमोर मृत्युपत्रावर सही करणार आहे. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये. शिवाय उद्या कोणी कोर्टात गेलं तर दाखवायला माझ्या हातचं काहीतरी तुझ्याजवळ असावं, म्हणून हे पत्र. मुलाविरुद्ध साक्ष द्यायला सांगतेय, मला ठाऊक आहे. तरी सांगतेय. नीट वाचून ठेव. चाळीस पिंजऱ्यांचा हक्क जुआकिमला. त्याच्या तिन्ही खलाशांना प्रत्येकी दहा. राहतं घर रेनातोलाच, त्याला उघड्यावर टाकायला मी त्याची वैरीण नाही. उरलेल्या दहा पिंजऱ्यांचा हक्कही त्याचा, पण जुआकिमच्या बोटीवर एक अख्खा हंगाम त्यानं आमिषाच्या टोपल्या उचलल्या तरच. नाहीतर तेही जुआकिमला.

तुझीच,
नुन्झिया