आठांतल्या पाच कुंड्या

१२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

परवा आईकडे जाऊन आलो. गॅलरीतल्या हेदरच्या, तिच्या त्या विलायती फुलझाडाच्या, आठ कुंड्यांपैकी पाच वाळून काड्या झाल्यात. आपल्याला ताप असला तरी आधी झाडांची चौकशी करणारी बाई, तिला आता पाणी घालायचं आठवत नाही. आज कुंडी, उद्या गॅस. एकटी राहणं बास झालं. मी खोली तयार केली आहे, जूनमध्ये तिला इकडे आणतो. तू मध्ये पडू नकोस. तुझं वहीत लिहून विचार करणं संपेपर्यंत तिकडे घर पेटायचं.

काळजी घे, तिचीही.
दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की, उचलून दुसऱ्या गॅलरीत ठेवायला ती काही कुंडी नाही.

खरं सांगते, आधी मला तुझंच पटलं होतं. वहीत तिच्या विसराळूपणाची यादीही केली. मग वाटलं, ही यादी मी तिच्यासाठी करते आहे की माझी रोजची फेरी वाचावी म्हणून? म्हणून कुंडीत बोट घालून पाहिलं. माती ओली होती. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी ती रोज तांब्याने घालते.

रोपवाटिकेतल्या माळ्याला एक कुंडी दाखवली. त्याने आतल्या कडेचा पांढरा पापुद्रा नखाने काढला आणि चुना कोणी फासला म्हणून विचारलं. हेदरला आंबट माती लागते, चुना तिला विष. दादा, मागच्या वेळी आलास तेव्हा तुझे गवंड्याचे हात स्वस्थ बसेनात म्हणून चुन्याने गॅलरी रंगवलीस. चार कुंड्याही आतून-बाहेरून, दोन हात.

आईला हे माहीत होतं. पोराने हौसेने केलं, बोलवेना, म्हणाली. तू तिला विसरभोळी ठरवलंस तेव्हाही तिने चुन्याचं नाव काढलं नाही.

पाचवी कुंडी माझी. छाटताना मी हिरवा भाग सोडून जुन्या लाकडापर्यंत कापलं, तिथून हेदर पुन्हा फुटत नाही. तेव्हा चार तुझ्या, एक माझी, आईची एकही नाही. ती इथेच राहील. मी मध्ये पडले आहे आणि तिथून हलणार नाही.

लोभ आहे तसा राहू दे, सल्ले कमी केलेस तरी चालेल.
धाकटी

२९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. तिने तेव्हाच माझा हात धरायला हवा होता. चुना न लावलेल्या नव्या कुंड्या पाठवतो आहे. पण तिचं वय काही चुन्याने वाढलेलं नाही. खोली तयारच ठेवतो.

दादा

३ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उरलेल्या तिन्ही झाडांना भरगच्च जांभळी फुलं आली आहेत. त्यातलं एक झाड कुंडीसकट, हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर पाठवते आहे. आईचा निरोप तिच्याच शब्दांत लिहायला तिने बजावलं आहे, आणि मी लिहिते तेव्हा ती खांद्यावरून वाचते आहे.

खोली रिकामी ठेवू नकोस. हे तिथल्या खिडकीत उन्हात ठेव. माती सुकू देऊ नकोस, नळाचं पाणी घालू नकोस, त्यातही चुना असतो. फुलं गेली की फक्त हिरव्यातच काप. वर्षभर जगवून दाखव. मग तुझ्याकडे कोणी राहायला यावं की नाही, याचा विचार मी करेन.

आम्हा दोघींची माया आहेच. झाडाचं कळवत जा.
धाकटी