बंगल्यावरची फ्लॉक्सची रोपं

चांदा, चैत्र १९५७

सौ. गोकुळास डोमाचा आशीर्वाद.

मी इथी बरा आहो. पोरगी झाल्याचं तुझ्या भावाचं कार्ड भेटलं. तुले ताप होता म्हणते, आता उतरला का? पोरगी दूध पिते ना?

बंगल्यावरच्या बाईंनी पचमढीहून फ्लॉक्सची रोपं आणली. गुडघ्याखालीच राह्यतात, अन् एकदा मूळ धरलं का दरसाल तिथूनच फुटतात. पण इथल्या उन्हात माना टाकतात. म्हणून मी तुराट्यांची ताटी बांधून सावली केली, सकाळ-संध्याकाळ पाणी देतो. आता गुलाबी फुलं आली.

तुले वाटत असंल, साहेबानं सुटी देल्ली नाई. तसं नाई, गोकुळा. कार्ड आलं त्याच दिवशी सुटी भेटली होती. मीच म्हटलं, मी गेलो तर झाडं मरतीन.

काल बाईंनी ताटी पाह्यली अन् विचारलं, "डोमा, घरी बाळंतीण आहे. तिला पाणी कोण देतं?"

मी लगेच हातातलं काम थांबवलं. झारी त्यांच्याच हाती देल्ली.

सोमवारी आरमोरीच्या मोटारीनं निघतो. रोपं जगो का मरो.

पोरगी कोणावर गेली, ते मले कळवू नको. मी येऊन पाहतो.

तुझा,
डोमा