बापाच्या हयातीत मुलीस अनाथ समजण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षकसाहेब,
सुभद्राबाई अनाथ बालकाश्रम,
मु. आडबंदर, जि. रत्नागिरी.

अर्जदार : लवू विठोबा कुबल, वय ६४, धंदा मासेमारी (सध्या बंद), मु. देवबाग, ता. मालवण.

विषय : कु. तुळसा लवू कुबल, वय ६, हिला आश्रमात घेण्याबाबत फेरविनंती.
संदर्भ : आश्रमाचे नकाराचे पत्र, दि. १९ जानेवारी १९६१.

महोदय,

अर्जदारास लिहितावाचता येत नाही. तो सांगतो तसे गावचे शाळामास्तर लिहीत आहेत.

१. अर्जदार व त्याची पत्नी गोदूबाई यांच्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली तरी मूल नव्हते. नवससायास करून दोघांनी आशा सोडली होती. अशात गोदूबाईस शेहेचाळिसाव्या वर्षी दिवस गेले. मासळीबाजारात बायका तोंडाला पदर लावून हसल्या. “देव उशिरा इलो, पण विसारलो नाय,” एवढेच ती म्हणे, आणि मासे विकत राही. मुलगी झाली, ती तुळसा. अर्जदार दर्यावरून आला की आधी तिला उचली, आणि खवल्यांच्या हातांनी उचलले म्हणून बायकोची बोलणी खाई.

२. गेल्या श्रावणात गोदूबाई तापाने वारली. दिवाळीनंतर अर्जदाराच्या खोकल्यातून रक्त पडू लागले. मालवणच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला, रोग फार पुढे गेला आहे असे सांगितले, व मुलीस जवळ घेऊ नये अशी ताकीद दिली. अर्जदार तिला लांब बस म्हणतो. ती थोडा वेळ बसते आणि पुन्हा येऊन मांडीवर चढते. तिला ढकलावे लागते. असे रोजचे चालले आहे.

३. अर्जदाराचा एकच पुतण्या, महादू. तो म्हणाला, “काका, माझ्याच पोरांक पेज पुरना नाय.” तो खोटे बोलला नाही. त्याच्यावर अर्जदाराचा राग नाही.

४. म्हणून पौषात अर्जदार मुलीस घेऊन आपल्या आश्रमात आला. लोक त्याला नेहमीच तिचा आजा समजतात. हा समज एकदा तरी कामी यावा असे त्याच्या मनात आले. “थंय माका आजो म्हण,” असे त्याने तिला वाटेत पढवले, आणि आपल्या कारकुनांस आईबाप दोघेही वारले असे सांगितले. हे खोटे होते. नाव लिहिले गेले, मुलीस आत नेले. अर्जदार फाटकाशी पोचला, तोच मागून हाक आली, “बाबा, माका सोडून खंय जातंस?” त्याने तसेच पुढे जायला हवे होते. पाय निघाला नाही. कारकुनांनी नाव खोडले.

५. त्यानंतर आपले पत्र आले, की वडील हयात असल्याने मुलगी अनाथ ठरत नाही, त्यांच्या पश्चात रीतसर अर्ज आल्यास विचार होईल. नियमाविषयी अर्जदाराची तक्रार नाही. फक्त त्याच्या पश्चात अर्ज करायचा कोणी, एवढे कळावे. शाळामास्तरांची बदली होणार आहे. मुलीस अजून अक्षर येत नाही.

६. सबब नम्र विनंती, की अर्जदारास आजपासून मयत समजावे. तो आश्रमाच्या वाटेस फिरकणार नाही, निरोप धाडणार नाही, असे लिहून देण्यास तयार आहे. मुलीने विचारल्यास बाप दर्यात गेला असे सांगावे. देवबागच्या मुलांना ते लगेच पटते.

७. हेही नियमात बसत नसेल, तर निदान अर्जदार वारल्याची तार मिळताच आश्रमाने माणूस पाठवून मुलीस न्यावे. ती परक्यामागून जात नाही. तुळसा म्हणून बोलावल्यास घरात लपेल. ‘गो बाय’ अशी हाक मारावी, म्हणजे येईल.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,

लवू विठोबा कुबल
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
दस्तुर : दत्ताराम गुरुदास परब, शाळामास्तर
देवबाग, दि. ९ फेब्रुवारी १९६१

सोबत : १) डॉक्टरांची चिठ्ठी. २) गोदूबाईच्या मृत्यूचा दाखला.