तिसऱ्या ताटाबाबत फेरमुलाखत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
परदेशी नागरिक विभाग, प्रांत कार्यालय.

विषय : कायम वास्तव्याचा परवाना नाकारल्याबाबत व फेरमुलाखतीबाबत.
संदर्भ : आपले नकारपत्र, दि. ३ फेब्रुवारी.

महोदय,

१. अर्जदार लामारा व्रोना, मूळची जॉर्जियाची, पोलंडमधील स्तारा ओल्शा या गावी पती श्री. एडमुंड व्रोना यांच्यासह राहते. त्यांच्या पहिल्या पत्नी कै. याद्विगाबाई यांच्या अखेरच्या आजारपणात शुश्रूषेसाठी ती या घरी आली. त्या वारल्यावर वर्षभराने विवाह झाला. कागदांसाठी लग्न केले म्हणून गावाने यथेच्छ तोंडसुख घेतले, ते असो.

२. मुलाखतीत पतीपत्नीस वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारण्यात आले. टूथब्रशचा रंग, पलंगाची बाजू, सासूचे नाव, सारे जुळले. मग साहेबांनी विचारले, "नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला कोण कोण होतं?" अर्जदार म्हणाली, "आम्ही दोघंच. तिसरं ताट मांडलं होतं, पण ते इथल्या नाताळच्या रीतीचं, अवचित पाहुण्यासाठी." पलीकडच्या खोलीत पती म्हणाले, "तिघं. मी, लामारा आणि याद्विगा. मासा काही तिला आवडला नाही. काटेच फार, म्हणाली." यावरून घरात दुसरी बायको नांदते, सबब विवाह बनावट, असा निष्कर्ष काढण्यात आला.

३. मृत्यूचा दाखला सादर केल्यावर तपासनीस साहेब घरी आले. रीतीप्रमाणे त्यांनी दाराशी बूट काढले, पाहुण्यांच्या सपाता पायांत घातल्या आणि लगेच काढल्या. अहवालात ते लिहितात, "सपाता उबदार होत्या. तिसरी व्यक्ती नुकतीच घरातून निघून गेली असावी." महोदय, ती निघून जात नाही, हीच तर अडचण आहे.

४. मुलाखतीत अर्जदाराने पुस्तकातले उत्तर दिले. घरातले उत्तर असे की, जेवणानंतर त्या तिसऱ्या ताटाच्या कडेला माशाचे काटे ओळीने लावलेले होते, मोठ्यापासून लहानापर्यंत. याद्विगाबाई अंथरुणावरही काटे असेच लावीत. अर्जदाराने ताट मुकाट्याने धुतले. तिला भीती वाटली. आजही वाटते.

५. परवाना न मिळाल्यास अर्जदारास देश सोडावा लागेल. पती वृद्ध आहेत आणि हल्ली ते त्या रिकाम्या खुर्चीशीच अधिक बोलतात. अर्जदार गेल्यास त्या घरात एकच जिवंत माणूस उरेल, आणि तेही फार दिवस नाही. याद्विगाबाईंनी शेवटच्या दिवशी अर्जदाराचे मनगट धरून सांगितले होते, "याला एकटं टाकून जाऊ नकोस गं. मी बघतेय." अर्जदाराने तेव्हा हो म्हटले. हे लग्न त्या शब्दावर उभे आहे, आणि पुढे त्यात मायाही आली.

६. आपण या विवाहास खात्रीचा साक्षीदार मागता. तो एकच आहे. तरी फेरमुलाखत तिघांची एकत्र घ्यावी, खोलीत तिसरी खुर्ची ठेवावी आणि प्रश्न तिलाच विचारावेत. आमचा संसार तिच्याइतका जवळून कोणी पाहिलेला नाही.

आपल्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
लामारा व्रोना
दि. १९ फेब्रुवारी

सोबत :
१. विवाहाचा दाखला.
२. कै. याद्विगा व्रोना यांच्या मृत्यूचा दाखला.
३. सपाता, एक जोडी. (मुलाखतीच्या दिवशी दाराशी ठेवाव्यात. बाहेरचे बूट घालून ती कुणाकडे आत शिरत नाही.)